ओटिसचा डावा हात

ओटिसला मी पहिला सल्ला दिला तो दातांच्या डॉक्टरचा.

तो आमच्या सानिकाच्या शाळेच्या पिवळ्या बसचा ड्रायव्हर. न्यू जर्सीत, आयसेलिनमधल्या आमच्या कोपऱ्यावर सकाळी सात चाळीसला बस थांबायची. दार उघडायचं, मुलं चढायला लागायची, आणि तेवढ्या वेळात ओटिसचा उजवा हात स्टिअरिंगवर आणि डावा गालाशी. मूठ अर्धवट मिटलेली, जबड्याला टेकलेली. आठवडाभर मी हे पाहिलं. मी पुण्याचा असल्यामुळे समोरच्याला काय झालंय हे त्याला न विचारताच मला कळतं. दाढ दुखतेय, दुसरं काय! आठव्या दिवशी ओक ट्री रोडवरच्या आमच्या डेंटिस्टचं कार्ड मी त्याच्या हातात ठेवलं. म्हटलं, "रूट कॅनाल उत्तम करतो. अजिबात कळत नाही."

त्यानं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि म्हणाला, "थँक यू, सर. लागेलच कधीतरी."

ओटिस बोलायचा अर्थातच इंग्रजीत, तेही असं सावकाश की मराठीत लिहून काढायला त्रास पडत नाही. वय तेहतीस-चौतीस, उंची बेताची, खांदे उतरते. बघून कुणी म्हणणार नाही की याला कुणी मारलं असेल, आणि यानं कुणाला मारलं असेल असं तर नाहीच नाही. प्रत्येक मूल पायरीवर आलं की तो त्याचं नाव घ्यायचा. "गुड मॉर्निंग" वगैरे काही नाही, नुसतं नाव. बसमध्ये एकेचाळीस मुलं, त्यातली निम्मी आपली. वैष्णवी, ऋग्वेद, ईश्वरी. ही नावं आमच्या ऑफिसात सांगितली तर लोक पाणी प्यायला उठतात. ओटिसनं शाळेच्या पहिल्या आठवड्यात आरशाच्या वर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर ती स्वतःला समजतील तशी लिहून घेतली होती, आणि दुसऱ्या आठवड्यात पट्टी काढून टाकली होती. सगळी मुलं बसली की सगळ्या आरशांवरून एक नजर फिरवायची, मगच दार लावायचं. "बघायचं सगळ्याकडे," तो म्हणायचा, "रोखून कशाकडेच नाही."

माझी दुसरी चूक पहिलीइतकी निरुपद्रवी नव्हती.

ऑक्टोबरमधल्या एका सोमवारी ओटिस आला तो डावा डोळा सुजवून. जांभळा, जवळजवळ मिटलेला. ओठालाही चीर. त्यानं नेहमीसारखी नावं घेतली, आरशांवरून नजर फिरवली, बस नेली. आणि मी घरी येऊन लॅपटॉप उघडला. मला ईमेल लिहायचं व्यसन आहे. लोक चिडले की ओरडतात, मी चिडलो की मुद्दे क्रमांक घालून लिहितो. शाळेच्या वाहतूक कार्यालयाला मी तीन परिच्छेद आणि पाच मुद्दे पाठवले. त्यातला चौथा मुद्दा असा होता की ड्रायव्हर रात्री मारामारी करून आलेला आणि बहुधा झिंगलेला दिसत होता.

दोन दिवस बसवर दुसरी बाई आली. तिनं सानिकाला "सनीका" म्हटलं. तिसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन आला. आपले ड्रायव्हर परवानाधारक व्यावसायिक बॉक्सर आहेत, शनिवारी त्यांची लढत झाली होती, डॉक्टरचा दाखला त्यांनी सोमवारी सकाळी दिलेलाच होता, तरीही आपल्या पत्रामुळे त्यांना घरी बसवून सगळी तपासणी पुन्हा करून घेतली आहे, आपलं समाधान झालं का?

सानिका शेजारी सिरियल खात होती. तिला म्हटलं, "तुला माहीत होतं हा बॉक्सर आहे?"

"एव्हरीबडी नोज, बाबा. ही वॉज द नॅशनल चॅम्पियन. लाइक, फॉर रिअल."

"मग मला सांगायचं नाही?"

"यू नेव्हर आस्क. यू जस्ट ईमेल."

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावर माफी मागायला उभा राहिलो. ओटिसनंच विचारलं, "ते पत्र तुमचं?"

"हो."

"चांगलं होतं. ऑफिसात त्यांनी मला वाचून दाखवलं. माझं मूल असतं तर मीही लिहिलं असतं." मग जरा थांबून म्हणाला, "झिंगलेला हा शब्द मात्र काढला असता."

त्या शब्दावर मी अजून अडखळतो. तसाच डोळा घेऊन आमच्या महाराष्ट्र मंडळातला एखादा कुलकर्णी आला असता तर मी विचारलं असतं, "काय रे, बॅडमिंटन का?" ओटिस काळा होता, म्हणून मला रात्रीची मारामारी दिसली. हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. त्यानं नुसता तो एक शब्द माझ्या हातात परत दिला.

प्रायश्चित्त म्हणून मी त्याच्या जिममध्ये नाव घातलं. टायरच्या दुकानामागची लांबट खोली, रबराचा आणि घामाचा वास, आणि सत्तरीचा हेक्टर. हेक्टर ओटिसला बारा वर्षांचा असल्यापासून शिकवत होता. मला त्यानं पहिल्या दिवशी दोरीवरच्या उड्या मारायला लावलं, दोन मिनिटं पाहिलं, आणि दोरी काढून घेऊन खुर्ची दिली. खुर्चीवर बसून मला जे कळलं ते असं की गालाशी मूठ म्हणजे दाढदुखी नव्हे. ते ओटिसचं ठोसा अडवायचं कवाड होतं. बावीस वर्षं "डावा हात वर!" ऐकून तो हात आता सिग्नललासुद्धा आपोआप वर जायचा.

एकोणिसाव्या वर्षी तो हौशी गटातला राष्ट्रीय विजेता झाला. तो चषक त्याच्या आईकडे आहे, तिनं त्यात मनी प्लांट लावलाय. "हौशी होतो तेव्हा ट्रॅकसूट मिळायचा, जेवण मिळायचं, बसनं न्यायचे," ओटिस सांगायचा. "मग प्रोफेशनल झालो. आता बस मी चालवतो." हे सांगताना त्याच्या आवाजात कडवटपणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. सापडला नाही.

त्याचं काय झालं ते हेक्टरनं मला समजावलं. हौशी बॉक्सिंग तीन फेऱ्यांचं. पटकन जायचं, स्वच्छ ठोसा लावायचा, समोरच्याला कळायच्या आत बाहेर. ओटिस त्यात राजा. व्यावसायिक लढत सहा फेऱ्यांची, आठ फेऱ्यांची, आणि प्रेक्षक येतात ते कुणीतरी आडवं झालेलं बघायला. ओटिसच्या हाताला वेग होता, वजन नव्हतं. तो जिंकायचा, पण गुणांवर. त्याची लढत संपली की लोक टाळ्या वाजवायचे आणि त्याचं नाव विसरायचे.

शिवाय हेक्टरचा एक नियम होता. जो कोणी त्याच्याकडून व्यावसायिक होईल त्यानं आधी भिंतीवर पेन्सिलीनं एक आकडा लिहायचा: इतक्या लढती हरलो की थांबेन. हेक्टरनं जुने दोस्त पाहिले होते, जे डोक्यावर मार खाऊन खाऊन आता स्वतःच्या बायकोला नावानं हाक मारताना चाचपडायचे. ओटिसच्या नावापुढे भिंतीवर तीन होता. आणि मी भेटलो तोपर्यंत दोन हरून झाल्या होत्या.

मार्चमध्ये त्याची आठ फेऱ्यांची लढत ठरली. जिंकला तर पुढची लढत टीव्हीवर, त्यासाठी तो दहा वर्षं थांबला होता. हरला तर तीन.

इथल्या लहान लढतींत गावच्या बॉक्सरनं स्वतःची तिकिटं स्वतःच खपवायची असतात. ओटिसला मारता यायचं, विकता यायचं नाही. ते मी अंगावर घेतलं आणि मंडळात फिरलो. देवधर काकू लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, मूळच्या सांगलीच्या. त्यांनी विचारलं, "मातीतली की गादीवरची?"

"काकू, कुस्ती नाही, बॉक्सिंग."

"असू दे. धरतात तरी ना एकमेकांना?"

एकूण तेवीस जण तयार झाले. लढत शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळी सहाला वजन, ते ठरलेल्या आकड्याच्या आत भरायला हवं. आणि त्या शुक्रवारी एकादशी होती.

मी एकादशी देवासाठी करत नाही, साबुदाण्याच्या खिचडीसाठी करतो. मेधा, माझी बायको, वर मीटिंगमध्ये होती. तिनं करून ठेवलेली खिचडी मी घरून काम करता करता गरम केली, आणि साडेबाराला बेल वाजली. सकाळची आणि दुपारची फेरी यांच्यामधल्या वेळात ओटिस तिकिटांचं पाकीट द्यायला आला होता. गालफडं बसलेली. त्याला आत घेतलं, तर तो दारातच थांबून वास घेऊ लागला.

"मी नाही खाणार काही," तो म्हणाला. "आज उपाशी आहे."

"अरे, मीसुद्धा!" मी म्हटलं. "आज आमचा फास्टिंग डे. हे फास्टिंगचंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या दिवशी आम्ही खात नाही त्या दिवशी हे खातो."

त्यानं विचार केला. सकाळी जिमच्या काट्यावर तो एक पौंड कमी भरला होता, म्हणजे हलकं काही चाललं असतं. "यात काय आहे?" त्यानं रीतसर विचारलं. आणि मी, बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस, प्रश्नाचं उत्तर न देता दुसऱ्याच प्रश्नाचं देऊन बसलो. म्हटलं, "गहू नाही. तांदूळ नाही. कांदा नाही, लसूण नाही, हळद नाही. मीठसुद्धा नेहमीचं नाही." काय काय नाही ते सगळं सांगितलं. काय आहे ते सांगायचं राहिलं.

एवढं सगळं नसलेली वस्तू पोटात जाऊन करणार काय? ओटिस बसला. पहिली बशी त्यानं हळू खाल्ली. मग माझ्यातला यजमान जागा झाला. "घे रे, एवढ्यानं काय होतंय," असं म्हणून मी अर्धी बशी आणखी वाढली, बटाटे वेचून त्याच्याकडे सारले, वर तुपाची धार आणि ताकाचा मोठा ग्लास. त्यानं मान हलवून नको म्हटलं. आपल्याकडे पहिलं नको धरत नाहीत. मी धरलं नाही.

संध्याकाळी वजनाला मी गेलो होतो तो मंडळाच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढायचा म्हणून. ओटिस काट्यावर चढला. अधिकाऱ्यानं आकडा वाचला. एक पौंड जास्त.

हेक्टरचा चेहरा उतरला. "काय खाल्लंस?"

ओटिसनं माझ्याकडे बघितलं. रोखून नाही. बसच्या आरशात बघतो तसं, जाता जाता.

"जरा जास्त झालं," तो म्हणाला.

तो पौंड उतरवायला दोन तास मिळाले. त्यानं प्लॅस्टिकचा घामाचा सूट चढवला, पार्किंगमध्ये दोरीवर उड्या मारल्या, आणि मग मी माझी गाडी दिली. काचा बंद, हीटर पूर्ण. हेक्टर त्याच्या उड्या मोजून दमला होता, तेव्हा गाडीत त्याच्या शेजारी मी बसलो. एकट्याला त्यात बसवायची लाज वाटली. पंधरा मिनिटांत माझ्या चष्म्यावरून पाणी गळायला लागलं.

"ओटिस," मी म्हटलं, "त्यात साबुदाणा होता. नुसता स्टार्च. शेंगदाणे. बटाटा. आणि तूप."

तो डोळे मिटून होता. "आणि हे तुम्ही उपवासाला खाता?"

"आमच्यात म्हणच आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी."

ते त्याला समजावून सांगितलं. तो हसायला लागला. त्याच्या हसण्यानं गाडी हलायला लागली. "हसू द्या," तो म्हणाला, "यानंही घाम येतो." मग हसणं ओसरलं. तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं प्रार्थना. कान दिला तर मुलांची नावं. बस थांबते त्या क्रमानं, पहिल्या थांब्यापासून.

"ही माझी परीक्षा आहे," तो डोळे न उघडता म्हणाला. "रोज सकाळी. एकेचाळीस नावं धडाधड आली तर डोकं ठीक. हेक्टरचा आकडा भिंतीवर आहे, माझा बसमध्ये."

दहा मिनिटं उरली असताना सगळे कपडे काढून, भोवती टॉवेल धरून, तो पुन्हा काट्यावर चढला आणि वजनात बरोबर बसला.

शनिवारी आमची तेवीस माणसं डब्यांसकट हजर. पहिल्या पाच फेऱ्या ओटिसच्या होत्या. मला त्यातलं फार कळतं असं नाही, पण तेवढं कळत होतं. तो तिथे असायचा आणि मग नसायचा. समोरचा पोरगा दहा वर्षांनी लहान, रेड्यासारखा, त्याचे ठोसे हवेत जात होते.

"अहो, हा मारत कुठाय? नुसता शिवून येतोय!" देवधर काकू ओरडल्या. "आट्यापाट्या खेळतोय!" पण त्यांनी डबा बाजूला ठेवला होता.

सहाव्या फेरीत आदल्या संध्याकाळचा घाम वसूल व्हायला लागला, त्याचे पाय जड झाले. डावा हात गालावरून इंच-इंच खाली यायला लागला. हेक्टर ओरडत होता, "डावा! डावा वर!" सातव्यात आणि आठव्यात त्याला खूप लागलं. पडला नाही. शेवटी पंचांनी गुण वाचले, ओटिसचं थोडक्यात गेलं. ओटिसनं त्या पोराचा हात स्वतः वर उचलला. मग टॉवेल गुंडाळून आमच्या रांगेशी आला आणि तिकिटांच्या पाकिटावरून पाठ केलेली नावं घेत एकेकाचे आभार मानले. "देवधर काकू," तो अगदी स्पष्ट म्हणाला. काकूंनी त्याच्या हाताला धरून नुसतं थोपटलं.

रविवारी मी लॅपटॉप उघडला. हेक्टरला आणि लढतीच्या आयोजकांना उद्देशून माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम पत्र लिहिलं. साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा, तूप, ताक, प्रत्येकाचं अंदाजे वजन ग्रॅममध्ये. निष्कर्ष: ही लढत ओटिस हरलेला नसून मी हरलेलो आहे, सबब ती त्याच्या तिनांत धरू नये.

मेधानं वाचलं आणि म्हणाली, "पाठवायच्या आधी या वेळी त्याला विचार."

सोमवारी सकाळी बस आली. डोळा पुन्हा जांभळा. कोपऱ्यावरच्या कुणीही काही लिहिलं नाही. सानिका पायरीवर चढली, आणि ओटिस तिच्याकडे बघत क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "सानिका." मला वाटलं, माझ्यावरचा राग.

दुपारी आमचा थांबा शेवटचा. सानिका उतरली, बस रिकामी झाली, तेव्हा मी छापून आणलेलं पत्र पुढे केलं. त्यानं इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसून पूर्ण वाचलं.

"छान लिहिता तुम्ही," तो म्हणाला. "हे मात्र पाठवू नका."

"पण खिचडी नसती तर तू जिंकला असतास!"

"असतो कदाचित."

"मग?"

"मग मला पुन्हा लढावं लागेल. आणि त्या वेळी दुसरं काही निघेल. झोप झाली नव्हती, पंच आंधळा होता. हेक्टर तीन म्हणाला होता. खिचडी सोडून तीन, असं नव्हता म्हणाला." त्यानं पत्राची नीट घडी घातली. "आणि सकाळी मी एका नावाला अडकलो. तुम्ही तिथेच उभे होतात."

तुमच्यापासून लपवत नाही, त्या क्षणी माझ्यातला काळजीवाहू पालक उठून बसला.

ओटिसनं तो बरोबर ओळखला. "शनिवारी तिथल्या डॉक्टरनं सोडलं होतं. पण ऑफिसला मी दुपारीच सांगितलं. उद्यापासून दोन आठवडे दुसरी बाई येईल, सगळ्या तपासण्या झाल्या की मी येईन. तेव्हा तक्रारीचं ते पत्र लिहू नका."

जिममध्ये त्या शनिवारी गेलो तर भिंतीवर ओटिसच्या नावापुढच्या तिनाभोवती हेक्टरनं पेन्सिलीनं गोल काढला होता. हेक्टर त्या भिंतीकडे पाठ करून एका नव्या मुलीच्या हातांना पट्ट्या बांधत होता.

ओटिस सोळाव्या दिवशी आला. मी कोपऱ्यावर उभा राहून चढणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर श्वास धरला. "ऋग्वेद. ईश्वरी. सानिका." धडाधड.

जूनमध्ये माझी बदली झाली, आम्ही टेक्सासला फ्रिस्कोला निघालो. शाळेचा शेवटचा दिवस, दुपारची वेळ. बस थांबली, दार उघडलं, सानिका उतरली आणि उलटी वळून त्याला बिलगली. मी मेधानं दिलेला डबा पुढे केला. त्यानं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "यात काय काय आहे?" या वेळी मी सगळं सांगितलं.

मग त्यानं डोक्यावरच्या ऊन अडवायच्या झडपेमागे हात घातला आणि एक कार्ड काढलं. कोपरे मऊ झालेले, उन्हानं पिवळं पडलेलं. ओक ट्री रोडवरच्या आमच्या डेंटिस्टचं.

"हे घ्या," तो म्हणाला. "लागलं नाही."

कार्ड देणारा हात डावा होता. दिल्यावर तो गालाकडे गेला नाही. मांडीवर पडून राहिला, बोटं उघडी. ओटिसनं सगळ्या आरशांवरून एकदा नजर फिरवली आणि दार लावलं.